पाकिटावर छापायचा फोन नंबर : माझा अनुभव

आम्ही साताऱ्यात थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि नाचणीचे सत्त्व तयार करून विकतो. पाकीटबंद मालावर ग्राहकाने तक्रारीसाठी कोणाशी संपर्क साधायचा त्याचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक छापणे २०११ च्या वैधमापनशास्त्र नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यातच रंगीत पाकिटांच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरून घ्यावा लागतो आणि नंतर क्रमांक बदलला, तर तो पुन्हा कोरण्याचा भुर्दंड आपल्यालाच पडतो. म्हणून घरचा नंबर न देता धंद्यासाठी कायमचा एक क्रमांक घ्यायचे ठरले.

१८०० च्या क्रमांकावर ग्राहकाचा फोन फुकट लागतो, पण त्याचे पैसे आपण भरायचे असतात. १८६० वर ते ग्राहकालाच पडतात. आम्हाला दोन्ही सोयीचे नव्हते. दुकानातल्या ०२१६२ च्या लँडलाइनवर व्हॉट्सॲप बिझनेस चालू शकते, कारण पडताळणीचा कोड फोन करूनही सांगितला जातो. परंतु आम्ही अर्धा दिवस गिरणीत असतो, तेव्हा तो फोन उचलणार कोण? राहिला मोबाइल.

मोबाइल कंपनीच्या गॅलरीतून (दुकानातून) मिळालेल्या यादीतले क्रमांक मी आत्याबाईंना फोनवरून सांगून कागदावर लिहायला लावले. ‘एकोणसत्तर’ ऐकून त्यांनी ७९ लिहिले, तेव्हा ५९, ६९, ७९ असे जोड असलेले सगळे क्रमांक मी बाद केले. उरलेल्यांतला एक घेतला, सिम चालू झाले, आणि खरे दुखणे तिथून सुरू झाले.

व्हॉट्सॲपने कोड घेतल्यावर सहा आकडी पिन मागितला. हा क्रमांक आधी दुसऱ्या कोणाकडे तरी होता. पिन त्या आधीच्या मालकाने ठेवलेला होता आणि तो माहीत नसेल, तर सात दिवस थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. छापखान्यातून ‘नंबर नक्की झाला का?’ अशी विचारणा चालूच होती. त्याच सुमारास त्या आधीच्या मालकाच्या कर्जाच्या थकलेल्या हप्त्यांचे संदेश येऊ लागले आणि पाठोपाठ वसुलीवाल्यांचे फोन. मी ती व्यक्ती नव्हे, असे सांगितले की पलीकडचा माणूस ‘मग त्यांना फोन द्या’ म्हणायचा. गॅलरीत गेले, तर तिथल्या मुलाने स्क्रीनवरून नजरही न काढता सांगितले, ‘मॅडम, सिम चालू आहे ना? मग आमचं काम झालं.’ ग्राहक सेवेने ऐकवले की, बंद झालेला क्रमांक ९० दिवस कोणालाही दिला जात नाही, म्हणजे नियम पाळलेला आहे. मला नियम नको होता, फोन थांबायला हवे होते. वसुलीवाल्यांच्या कंपनीला विचारले, तर खातेदार नसलेल्या व्यक्तीशी खात्याबद्दल बोलता येत नाही, हे उत्तर. म्हणजे खात्याबद्दल मला दिवसातून अनेकदा सुनवायची त्यांना मुभा होती, मी मात्र तोंड उघडायचे नाही!

अखेर उपयोग झाला तो लेखी तक्रारीचा. त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला सिमच्या अर्जाची प्रत जोडून पत्र पाठवले आणि त्यात रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाचा उल्लेख केला. रद्द झालेल्या मोबाइल क्रमांकांची यादी तपासून आपल्या नोंदी सुधारा, असे त्यात बँका आणि वित्त कंपन्यांना बजावलेले आहे. तोंडी विनवण्यांनी जे झाले नाही ते या पत्राने झाले आणि फोन बंद झाले. हे पत्र मी स्वतः लिहिले, वकिलाला पैसे दिले नाहीत, हेही नमूद करते.

क्रमांक पसंत पडला की सिमचे पैसे देण्याआधीच तो आपल्या मोबाइलमध्ये साठवून व्हॉट्सॲपवर कोणाचे छायाचित्र दिसते का, यूपीआयवर तो टाकून कोणाचे नाव येते का, हे गॅलरीतच उभे राहून पाहावे. पाच मिनिटेही लागत नाहीत. व्हॉट्सॲप सुरू होताच स्वतःचा पिन ठेवावा. सिम मात्र कामावरच्या मुलाच्या नावावर घेऊ नये, कारण तो काम सोडून गेला की क्रमांक कायदेशीरपणे त्याचाच राहतो. कंपनीची सेवा आवडली नाही, तर १९०० वर संदेश पाठवून क्रमांक न बदलता दुसऱ्या कंपनीकडे जाता येते, त्यामुळे कंपनी निवडण्यात फार वेळ घालवू नये. छापखान्याला होकार मात्र दोनचार आठवडे क्रमांक वापरून पाहिल्यावरच द्यावा, मग ते कितीही घाई करोत.