धारचुल्याच्या पुलावरचा पेन्शनचा दिवस

उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यात धारचुला येथे बँकेत माझी नेमणूक होती, त्या वेळची म्हणजे २०२० च्या जुलैमधली ही हकीकत आहे. गावाला लागून काली नदी वाहते, पलीकडच्या तीरावर नेपाळचे दार्चुला वसले आहे आणि दोहोंना जोडणारा झुलता पूल टाळेबंदीमुळे मार्चपासून बंद होता. भारतीय लष्करातून निवृत्त झालेल्या अनेक नेपाळी जवानांची पेन्शनखाती आमच्याकडे होती; पेन्शन दरमहा जमा होत होती, पण खातेदार नदीपलीकडे अडकले होते. अखेर दोन्हीकडच्या प्रशासनाने त्यांच्यापुरता पूल काही तास उघडण्याचे ठरवले.

सकाळपासून रांग लागली. आमची खरी अडचण नोटांची होती. नेपाळ सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातल्यामुळे कोणीही पाचशेची नोट घ्यायला तयार नव्हते आणि साठलेल्या पेन्शनीसाठी शंभराची बंडले पुरणे शक्य नव्हते.

त्यातच नकाशाचा विषय ताजा होता. ८ मे रोजी लिपुलेख खिंडीकडे जाणाऱ्या भारताच्या रस्त्याचे उद्घाटन झाले, २० मे रोजी नेपाळने लिंपियाधुरा, कालापानी आणि लिपुलेख आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा काढला आणि जूनमध्ये त्यासाठी राज्यघटनाही दुरुस्त केली. आमचे रोखपाल मूळचे गुंजीचे, म्हणजे नेमक्या त्याच वादग्रस्त भागातले. एका वृद्ध सुभेदारांनी स्लिप पुढे करत हसून म्हटले, "साहेब, तुमचं गाव आता आमच्या नकाशात आलं. पुढच्या वेळी पेन्शन द्यायला तुम्हीच पलीकडे या."

रोखपालांनी नोटा मोजणे थांबवले नाही. "जरूर येऊ, सुभेदारसाहेब. पण तुमच्या छांगरू-तिंकर गावांतल्या लोकांना घरी जायला अजून आमच्याच बाजूने जावं लागतं, तेवढा रस्ता आधी करून घ्या."

सुभेदार गप्प बसणारे नव्हते. कुटीकडून येणारा प्रवाह मोठा असताना कालापानीच्या झऱ्याला कालीचा उगम कसे म्हणता, असे त्यांनी विचारले. रोखपाल म्हणाले, "मोठी धार तीच मूळ मानायची तर गंगोत्री सोडून गंगेचा उगम अलकनंदेकडे न्यावा लागेल." त्यावर सुभेदारांचे उत्तर तयार होते : "तो तुमच्या घरातला प्रश्न झाला. तिथे दोन्ही काठांवर एकच सरकार आहे." रांगेतले निम्मे लोक हसले; मला मात्र त्यांचा मुद्दा बिनतोड वाटला.

कारण ब्रिटिशांशी झालेल्या १८१६ च्या सुगौली तहाने कालीच्या पश्चिमेचा मुलूख नेपाळने सोडला, पण काली कोठून सुरू होते हे लिहून ठेवले नाही. गुंजीच्या खाली नदी कोणती याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो वर, दोन प्रवाहांपैकी काली कोणता याचा. नाबी आणि कुटी या गावांवरचा नेपाळचा दावा ब्रिटिशांनी १८१७ मध्येच फेटाळला होता, आणि इतक्या जुन्या ताब्याला माझ्या मते वजन आहे. तरीही २०१४ मध्ये दोन्ही देशांनी परराष्ट्र सचिवांकडे सोपवलेला हा प्रश्न रस्ता आणि नकाशा येण्याआधी चर्चेला का आला नाही, हे मला आजही पटत नाही.

नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असल्याने पूल कोणाच्या वेळेने बंद करायचा यावरही दुपारी बरीच हुज्जत झाली. तोवर शंभराच्या नोटा संपत आल्या होत्या. सुभेदारांना आम्ही उरलेली रक्कम पाचशेत देऊ केली, ती त्यांनी नाकारली आणि पन्नासची बंडले मागून घेतली. ती एकेक नोट करून मोजली, एक फाटकी निघाली ती बदलून घेतली आणि बाकीची पेन्शन खात्यातच राहू द्या, असे सांगून ते पुलाकडे निघाले.