पाणचिऱ्याच्या शोधात दोन भरत्या: सीवूड्स आणि ऐरोली

पौष वद्य प्रतिपदेच्या रात्री एका पक्षीमित्राचा निरोप आला. नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या पाणथळीत सुरयांच्या (टर्न पक्ष्यांच्या) थव्यात पाणचिऱ्यासारखं, म्हणजे इंडियन स्किमर या दुर्मिळ पक्ष्यासारखं, काहीतरी बसलंय, फोटो धूसर आहे, खात्री नाही. मी दुसऱ्या दिवसाची रजा टाकली आणि शेजारच्या काकांचं दार वाजवलं. आयुष्यभर बंदरात नोकरी केलेला माणूस, भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. "उद्या द्वितीया," ते म्हणाले. "दोनाची पाऊणपट दीड. दीडला पाणी चढेल. बाराला तिथे पोचू."

आधीच सांगून टाकते, दोन दिवसांत आम्हाला पाणचिरा दिसला नाही. तरी लिहितेय, कारण तो शोधताना कुठे, कधी आणि कसं उभं राहायचं ते नीट कळलं. जो पुढे जाईल त्याची एक फेरी तरी वाचावी.

तिथीचं गणित आधी. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, मुंबईच्या किनाऱ्यावर भरती साधारण त्या वेळेला असते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच लागू, आणि दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांनी. ठाणे खाडीत आत जाल तसं पाणी आणखी उशिरा पोचतं. मोबाईलवर तक्ता मिळतोच, तो जरूर बघा. पण कॅलेंडरकडे नजर टाकून आठवडाभराचा बेत आखायला हा हिशोब फार सोयीचा. भरती का महत्त्वाची? ओहोटीला खाडीत मैलभर चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर विखुरतात, दुर्बिणीतही ठिपक्याएवढे. पाणी चढलं की चिखल बुडतो आणि सगळी मंडळी काठाच्या पाणथळींत विसाव्याला येतात. सीवूड्सला जायचं ते भरतीलाच.

सीवूड्स-दारावे स्टेशनवरून रिक्षाने टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या मागच्या बाजूला उतरलो. सावली नाही. टोपी, दोन बाटल्या पाणी आणि मातकट रंगाचे कपडे हवेत. एकच्या सुमारास रोहित (फ्लेमिंगो) येऊ लागले, आधी पाच-पंचवीस, मग एकदम गुलाबी लाट. त्यांच्यामागे शेकाटे, तुतवार, गॉडविट असे चिखलात चरणारे पक्षी. मधल्या उंचवट्यावर कुरव (गल) आणि सुरय दाटीवाटीने बसले, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे.

आणि त्यांच्यात एक लाल चोच! माझा श्वासच अडकला. काळी टोपी, लाल जाड चोच, बाकीच्यांपेक्षा मोठं अंग. काकांनी स्कोपला, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला, डोळा लावला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पाठ बघ." पाठ फिकट राखी होती. कॅस्पियन सुरय. पाणचिऱ्याची पाठ काळपट, गळ्याभोवती पांढरा पट्टा, पाय लाल आणि चोच नारिंगी, टोकाला पिवळी. दुसरा घोटाळा ऑयस्टरकॅचर या किनाऱ्यावरच्या पक्ष्याशी होतो. त्याची पाठही काळी आणि चोचही तशीच लालसर, पण ती सरळ, दोन्ही भाग सारखे. पाणचिऱ्याची खालची चोच वरचीपेक्षा ठळकपणे लांब असते. थव्यातला पक्षी मान पाठीत खुपसून झोपलेला असेल तर चोचीचा नाद सोडा, पाठीचा रंग बघा आणि तो जागा होईपर्यंत थांबा. आम्ही तीन वाजेपर्यंत थांबलो. तो कॅस्पियनच होता.

परतीच्या लोकलमध्ये काकांनी विचारलं, एवढं काय आहे त्या पक्ष्यात? मी ठाण्यापर्यंत बोलत राहिले.

पाणचिरा म्हणजे पाणी चिरणारा. चोच उघडी ठेवून तो पाण्याला लागून उडतो, खालची चोच पाण्यात बुडवून सरळ रेघ ओढत जातो. माशाचा स्पर्श झाला की चोच खाडकन मिटते. शिकार स्पर्शाने होत असल्यामुळे त्याला लख्ख उजेड लागत नाही. पहाट, तिन्हीसांज, कधी चांदणी रात्र ही त्याची वेळ. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा चोचीचे दोन्ही भाग सारखे असतात, खालचा नंतर वाढतो. जगात पाणचिऱ्यांच्या फक्त तीन जाती आहेत: अमेरिकेत एक, आफ्रिकेत एक आणि ही आपली.

किनाऱ्यावर तो हिवाळ्याचा पाहुणा. जामनगर आणि काकीनाडा ही त्याची ओळखीची ठिकाणं. घर मात्र नदीत. चंबळ आणि महानदीसारख्या नद्यांत उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाळूची बेटं उघडी पडतात, तिथे वाळूत उथळ खळगी करून तो अंडी घालतो. झाड नाही, आडोसा नाही. भर उन्हात आई-बाप पोट भिजवून येतात आणि अंडी गार ठेवतात. त्याचं सगळं संरक्षण म्हणजे बेटाभोवतीचं पाणी, आणि तेच आपण काढून घेतोय. धरणं आणि उपशामुळे नदी आटली की बेट काठाला जोडलं जातं, मग कुत्री, कोल्हे, गुरं चालत पोचतात. उलट वरून अचानक पाणी सोडलं तर अख्खी वसाहत एका रात्रीत वाहून जाते. वाळूउपसा तर बेटच उचलून नेतो. आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीच्या खोऱ्यात तो पूर्वी होता, आता दिसत नाही. जगात तीन हजारांहून कमी प्रौढ पक्षी उरले असावेत असा अंदाज आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने २०२० मध्ये त्याला 'असुरक्षित'वरून 'संकटग्रस्त' गटात टाकलं.

एक गोष्ट मात्र मन उभारी धरेल अशी. आपल्या मुंबईच्या बीएनएचएसमधल्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) परवीन शेख चंबळवर गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार करून पाणचिरा वाचवायचं काम करतात. निसर्गरक्षणासाठी ब्रिटनमध्ये दिला जाणारा २०२५ चा व्हिटली पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. ऐकल्यावर काका एवढंच म्हणाले, "म्हणजे हा पक्षी राखायचा तर वाळू राखायला हवी."

दुसऱ्या दिवशी, तृतीयेला, ऐरोली. स्टेशनवरून रिक्षाने किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठायचं. होडीची फेरी आधी ऑनलाइन नोंदवा. वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते, त्यामुळे "सकाळी कधीतरी जाऊ" हे इथे चालत नाही. इथे पाणी नुकतं चढू लागलेलं हवं, म्हणजे होडी चालते आणि चिखलही उघडा असतो. कांदळवनातल्या चिंचोळ्या वाटेने बाहेर पडलं की खाडी एकदम खुली होते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा) दर्जा मिळाला, त्याचं मोल होडीतून कळतं.

नाखव्याला मी पाणचिऱ्याचं चित्र दाखवलं. त्याने ते बराच वेळ न्याहाळलं. "ताई, बसायला कोरडी जागा असली तर येल," तो म्हणाला. "पन मानसं चिखलात उतरतात, कुत्री येतात. पाखरू टिकत नाय." मला त्याचं पटलं. आदल्या दिवशी सीवूड्सला एकाने ड्रोन उडवला होता आणि अख्खा थवा उठून गेला होता. थंडीत हे पक्षी इथे अंगावर चरबी चढवायला येतात, प्रत्येक उगाच उड्डाण त्यांना महागात पडतं. ड्रोन नको, चिखलात उतरणं नको, जवळच्या फोटोसाठी टाळ्या वाजवणं तर नकोच. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. स्कोप कुणाकडे असेल तर त्याच्याबरोबर जा. दिसलेलं ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा, आणि खात्री नसेल तर तसंच लिहा. आमच्या यादीत सुरयांपुढे 'पाणचिरा शोधला, दिसला नाही' असं लिहिलंय.

फेब्रुवारी संपता संपता पाणचिरे नदीकडे वळू लागतात, म्हणजे दिवस थोडे उरलेत. माघ शुद्ध सप्तमीला, रथसप्तमीच्या दिवशी, सव्वापाचच्या सुमारास भरती येते आणि पुढे तासाभराने सूर्य मावळतो. सप्तमीचं पाणी भांगाचं, फार चढणार नाही, सगळे पक्षी आत येणार नाहीत. पण तिन्हीसांज आणि भरती एकत्र मिळतेय. काकांनी कॅलेंडरवर त्या चौकटीत पेन्सिलीने गोल केलाय.