तुम्ही विचारलंत म्हणून: गेटचं ॲप मी का घेत नाही

कोण कधी आलं, कधी गेलं याची गेटवर नोंद ठेवणारं आणि फोनवर सूचना देणारं ॲप आपल्या सोसायटीत आहे. ते मी घेत नाही म्हणून "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" हे मला लिफ्टमध्ये विचारून झालंय, सोसायटीच्या ग्रुपवर विचारून झालंय, आरतीनंतर प्रसाद हातावर ठेवतानाही विचारून झालंय. ॲप न घेतलेलं घर आमचंच, त्यामुळे वॉचमनला दर वेळी इंटरकॉम करावा लागतो, हेही मला माहीत आहे. तर एकदा सविस्तर सांगते.

पूर्वी मी 24 ऑगस्ट 2017 च्या निकालाचा दाखला द्यायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. समोरचा म्हणायचा, आम्ही सोडला आमचा हक्क, तुम्हीही सोडा. तिथे मी गप्प व्हायचे. आज होणार नाही.

आमच्या मावशींचं काय झालं ते तुम्हाला अर्धवट माहीत आहे. पोळ्या करून त्या आमच्याकडून निघाल्या आणि गेटवरच्या नोंदीत पाऊण तासानं बाहेर पडल्या. त्याच दुपारी वरच्या मजल्यावर कुणाचं तरी पाकीट सापडेना. दुसऱ्या दिवशी त्यांना ऑफिसात बोलावलं, मीही गेले. टेबलावर छापील कागद होता. महिनाभराच्या त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा, मिनिटांसकट, आणि एका ओळीवर पिवळं हायलायटर. "हा पाऊण तास कुठे होतात?" मावशी कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. शेवटी म्हणाल्या, "जिन्यात बसले होते, साहेब. भाकरी खाल्ली."

बागेतल्या बाकांवर कामवाल्यांनी बसायचं नाही असा आपला नियम आहे. आमच्याकडे खा म्हटलं तर त्या संकोचतात. म्हणून मीटरच्या खोलीशेजारी, जिन्याच्या आडोशाला. मग कुठल्या पायरीवर, रोज बसता का, कुणी पाहिलं का, हेही विचारून झालं. एक बाई आपल्या जेवणाचा हिशोब देत उभी होती. पाकिटाचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही. मावशींचं कार्ड मात्र आठवडाभर बंद राहिलं आणि त्यात त्यांची दोन घरं सुटली.

मी विचारलं, हा कागद कुणी काढला? आमच्या नोंदी कोण बघतं, किती दिवस ठेवतात? उत्तर आलं, "ते कंपनीकडे असतं, सांगता येणार नाही."

जॉर्ज ऑर्वेलची '1984' ही कादंबरी 1949 साली आली. कॉलेजात वाचली तेव्हा मला भीती वाटली ती घरोघरच्या त्या पडद्याची, जो बोलतो आणि बघतोही. या प्रकरणानंतर पुन्हा वाचली. त्यात सत्ताधारी पक्षाच्या आतल्या गोटातला माणूस आपल्या घरचा पडदा बंद करू शकतो. आणि कष्टकऱ्यांच्या बहुतेक घरांत पडदा नसतोच, नजर ठेवण्याइतकं महत्त्व पक्ष त्यांना देत नाही. यातली पहिली गोष्ट आपल्याकडे जशीच्या तशी आहे. दुसरी साफ उलटी. नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटांवर महापालिकेनं जीपीएसची घड्याळं बांधली. आपल्याकडे पडदा आधी त्यांच्याच वाट्याला येतो.

खालून वर बघायची एक सोय होती, 2005 चा माहिती अधिकार. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं त्यातही हात घातला. व्यक्तिगत माहिती व्यापक जनहितासाठी उघड करता येईल, हे माहिती अधिकाराच्या एका पोटकलमातले शब्दच काढून टाकले. कारण काय, तर खासगीपण. ज्या निकालाचा मी अभिमानानं दाखला द्यायचे, त्यातलंच खासगीपण.

म्हणून मी ॲप घेत नाही. मावशी कधी आल्या, कधी गेल्या याची सूचना माझ्या फोनवर वाजावी आणि मी काय केलं हे त्यांना कधीच कळू नये, हे मला नको आहे.

तुम्ही म्हणाल, साताऱ्याला आईच्या खोलीत कॅमेरा आहे ना? आहे. मीच लावला. रात्री ती पडली ते त्यातच दिसलं, नाहीतर सकाळपर्यंत कळलं नसतं. तिथे सांभाळायला असलेल्या ताईंना विचारून लावला आणि त्या "चालेल" म्हणाल्या. नोकरीची गरज असलेली बाई दुसरं काय म्हणणार, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि अजून सुटलेला नाही. कॅमेरा मी काढणार नाही. ताईंनाही त्यांच्या फोनवर तो बघता येईल असं करून दिलंय. तेवढ्यानं बरोबरी होते असं मी म्हणत नाही.