फ्लिंडर्स रेंजेसचा कॅम्प: पाय फुटलेलं मांडूळ, सातभाई आणि परातीतला लाडवाचा डबा

मागच्या सप्टेंबरात शाळांना सुट्टी लागली तेव्हा ॲडलेडहून इथल्याच, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या, फ्लिंडर्स रेंजेस ह्या डोंगररांगांत चार दिवस कॅम्पिंग करून आलो. मी, बायको, सात वर्षांची लेक आणि सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेली आई. बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, तंबूत साप शिरला तर? आम्हाला साप एकही दिसला नाही, आमचा सगळा वेळ मुंग्या, पक्षी आणि एका सुस्त सरड्यातच गेला आणि पोट धरून हसलो ते त्यांच्यामुळेच.

आधी रस्त्याचं. आमचा कॅम्प विल्पेनाला, तिथल्या नॅशनल पार्कात. ॲडलेड ते विल्पेना साधारण ४३० किमी, लहान मुलं असतील तर सहा तास धराच. विल्पेनापर्यंत डांबरी रस्ता आहे, साधी गाडी आरामात जाते. वाटेतल्या हॉकर गावात टाकी फुल करा आणि मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा कारण पुढे मोबाइलची रेंज येते-जाते. संध्याकाळी उजेड असतानाच पोहोचा, अंधार पडायला लागला की कांगारू रस्त्यावर येतात. आणि तंबू लावताना मोठ्या रेड गमच्या (निलगिरीचाच एक प्रकार) झाडाखाली अजिबात लावू नका, सावली छान वाटते पण ह्या झाडांच्या फांद्या वारा नसतानाही मोडून पडतात.

पहिल्या दिवशी दुपारी आईने बेसनाच्या लाडवांचा डबा टेबलावर ठेवला आणि पाच मिनिटांत जमिनीपासून डब्यापर्यंत मुंग्यांची रांग. इथे ह्यांना मीट ॲन्ट म्हणतात, लालसर जांभळ्या, चांगल्या टपोऱ्या, नांगी नाही पण चावतात कडकडून. आई म्हणाली थांबा, परात काढा. परातीत पाणी ओतलं, मधे वाटी पालथी घातली, वर डबा, आपल्याकडे घरोघरी करतात तसंच. मुंग्या थांबल्या पण तेवढ्यात वरून राखाडी पक्ष्यांची एक टोळीच उतरली, दहा-बारा तरी असतील, सगळे एकदम कलकलाट करत परातीच्या काठावर येऊन पाणी प्यायला लागले, एकाने तर डब्याच्या झाकणावर उभं राहून चोच मारून बघितली. आई ओरडली, "अगं बाई, सातभाई! हे हितं कधी आले?" हे अपोस्टलबर्ड, कायम घोळक्याने फिरतात, घोळक्यानेच मातीचं घरटं बांधतात, सातभाईंचे नातेवाईक नाहीत पण वागणं अगदी तेच. लेक चपातीचा तुकडा टाकायला निघाली होती, तिला थांबवलं. खायला घालू नका, प्लीज. एकदा सवय लागली की ते प्रत्येक तंबूत शिरतात आणि आपलं खाणं त्यांना बाधतं. परातही आम्ही मग आत घेतली आणि डबे सगळे गाडीत, झाकण लागणाऱ्या क्रेटमधे. तुम्ही पहिल्यापासूनच तसं करा.

माश्या मात्र भरपूर. चावत नाहीत पण डोळ्यांच्या कडेला, नाकाशी येऊन बसतात. टोपीवरची जाळी ॲडलेडलाच घेऊन ठेवा. आईने सरळ ओढणी तोंडावर घेतली आणि तिलाच सगळ्यात कमी त्रास झाला.

आता सरडा. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूची चेन उघडली तर समोर वीतभराहून मोठं, सीताफळासारखे खवले असलेलं काहीतरी पडलेलं, आणि डोकं कुठलं शेपूट कुठलं तेच कळेना. आई दोन मिनिटं निरखून म्हणाली, "हे मांडूळच की रे, पण पाय फुटलेलं." मी वाकून बघायला गेलो तर त्याने जबडा उघडला, फुस्स केलं आणि जीभ बाहेर काढली, जांभळं खाल्ल्यावर होते ना अगदी तशी निळी. लेक इतकी हसली की दिवसभर सगळ्यांना जीभ काढून दाखवत होती. हा स्लीपी लिझर्ड, शिंगलबॅकही म्हणतात. जाड शेपटीत चरबी साठवतो, दुष्काळात तीच कामाला येते. विष नाही, पण चावला तर लवकर सोडत नाही, म्हणून हात लावू नका.

ह्यांचं जोडप्याचं प्रकरण फार गोड आहे. ॲडलेडच्या फ्लिंडर्स युनिव्हर्सिटीतले संशोधक माइक बुल यांनी १९८२ पासून माउंट मेरीजवळ ह्यांचा अभ्यास केला. वसंतात (इथला वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर) नर-मादी काही आठवडे बरोबर फिरतात, मग वेगळे होतात आणि पुढच्या वर्षी बहुतेक वेळा तोच जोडीदार शोधून काढतात, काही जोड्या तर वीस वर्षांहून जास्त टिकल्या. आणि आपल्याकडे मांडुळाची तस्करी होते तशीच ह्यांचीही होते, परदेशात पाळायला म्हणून. हे ऐकून आईला फार वाईट वाटलं, रात्री जेवतानाही तेच बोलत होती.

वसंतात हे सरडे उन्हात तापायला रस्त्यावरच येऊन बसतात, लांबून झाडाची साल पडल्यासारखी दिसते. म्हणून पार्कात हळू चालवा, आणि निघण्याआधी रोज गाडीखाली वाकून बघा. रात्री टॉयलेटला टॉर्च घेऊनच जा, सीटच्या खालची बाजू बघून घ्या, रेडबॅक कोळी तिथे जाळं करतो. बूट तंबूच्या आत ठेवा आणि घालताना झटकून घाला. सप्टेंबरातही पहाटे चांगलीच थंडी असते, जाड पांघरूण न्या. जळण पार्कात गोळा करायला बंदी आहे, वाटेत विकत घ्या.

शेवटच्या दिवशी सामान भरून झालं, मी नेहमीसारखा वाकलो तर मागच्या चाकाच्या सावलीत दोन. पुढे मादी, मागे तिच्या शेपटीला चिकटून नर. आम्ही चौघं मातीत बसून राहिलो, पंचवीस एक मिनिटं. मादी चार पावलं चालायची, थांबायची, पिवळं रानफूल तोडून चावत बसायची, आणि नर तेवढा वेळ तिच्यामागे गप्प उभा. मी घड्याळ बघितलं तशी आई म्हणाली, "जाऊ दे की रे त्यांच्या त्यांच्या चालीनं, आपल्याला काय गाडी गाठायचीय?" ते झुडपात शिरल्यावरच गाडी चालू केली. हॉकरला पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता.