पिठाच्या गिरणीसमोरचं लॉज

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात २०१८ साली सहा खोल्यांचं लॉज सुरू केलं, तेव्हा खाली रीतसर काउंटर होता, रजिस्टर होतं आणि रात्रपाळीला एक मामा होते. मामा अकरानंतर असे झोपत, की पुण्याहून उशिरा आलेलं गिऱ्हाईक बेल दाबून दमायचं आणि जागी व्हायची ती गल्ली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मामा गावी गेले आणि तिकडंच रमले. नवा माणूस ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून दारांना आकड्यांची कुलपं बसवली. लोकांना वाटतं काळाची पावलं ओळखली. पगार वाचवला, एवढंच.

मी स्वतः राहतो शिरोलीत, वर्कशॉपजवळ. बुकिंग झालं की ओळखपत्र मोबाइलवर मागवतो. आधारचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेले असले तरी चालतं. मग व्हिडिओ कॉलवर चेहरा ताडून बघतो आणि सहा आकडी कोड पाठवतो. परदेशी पाहुणा असला की मात्र गाडीला किक मारून स्वतः जातो. त्याची माहिती सरकारला चोवीस तासांत कळवावी लागते, तिथं हयगय चालत नाही.

पहिला फटका महालक्ष्मी एक्सप्रेसनं दिला. मुंबईची मंडळी सकाळीच स्टेशनवर उतरतात, त्यांना आंघोळ करून अंबाबाईच्या दर्शनाला जायचं असतं आणि आमचा कोड चालू होतो दुपारी बाराला. एक काकू दारात उभ्या राहून फोनवर म्हणाल्या, "अहो, देवीला काय पारोशानं जाऊ?" बरोबर होतं त्यांचं. काउंटर होता तिथं बॅगा ठेवायला मांडणी केली, शेजारी गरम पाण्याचं न्हाणीघर काढलं. त्या दाराचा कोड सकाळी सहालाच चालू होतो.

दुसरं दुखणं मात्र कळायलाच एक पावसाळा गेला. जुलै लागला की रात्री फोन, "कोड चुकीचा आहे." कोड बरोबरच असायचा. घराची दारं जुन्या लाकडाची, कोल्हापूरच्या पावसात फुगतात. मग कुलपाची मोटर घर्रर्र करते, जीभ चौकटीच्या पट्टीत अडकते आणि तांबडा दिवा लागतो. माणूस पुन्हा कोड दाबतो, आणखी जोरात. पाच वेळा चुकलं की कुलूप थोडा वेळ रुसतं. बाहेर पाऊस, हातात बॅगा, शिव्या मला. दार स्वतःकडं ओढून मग कोड दाबायचा, हा उपाय मी फोनवर इतक्यांदा सांगितलाय की झोपेतही सांगेन.

चार नंबरचं दार कायमचं सुधारलं ते २०२१ च्या पुरात. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, मी नदीच्या अलीकडं अडकलो आणि माझं लॉज पलीकडं. आत तीन पाहुणे. त्यातला एक गोकुळ शिरगावच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला आलेला मेस्त्री. मी इथूनच कोडची मुदत वाढवत राहिलो. वीज गेली, पण कुलपं सेलवर चालतात, ती चालू राहिली. नळाचं पाणी बंद झालं तेव्हा तिघांनी गल्लीतल्या पोरांबरोबर टँकरमागं बादल्या लावल्या. मेस्त्रीला रिकामं बसवेना. त्यानं पिशवीतली कानस काढली आणि चौकटीची पट्टी घासून टाकली. पाणी उतरल्यावर गेलो, तर चौथं दार एका बोटानं लागत होतं. भाडं घेतलं नाही, त्यालाही ते बरोबर वाटलं असावं.

पत्त्याचा गोंधळ बायकोनं सोडवला. माझा मेसेज लांबलचक होता, "कृपया प्रवेशद्वाराच्या उजव्या बाजूस" वगैरे. तो कुणी वाचत नसे. तिनं एके दिवशी सरळ बोलूनच पाठवलं, "मिरजकर तिकटीला उतरलासा न्हवं? मग आत या की. पिठाची गिरणी दिसंल, तिच्या समोरचं निळं दार आपलंच. जेवलासा का? नसंल तर आधी जेवा, दार कुठं पळत न्हाई." पाहुणे हे गल्लीत उभं राहून मोठ्या आवाजात लावतात. आता गिरणीवाल्या काकांना ते तोंडपाठ आहे. बॅगवाला माणूस दिसला की मोबाइल काढायच्या आत ते पिठाच्या हातानं दार दाखवतात. म्हणून आमच्या निळ्या दारावर नेहमी पांढरी बोटं उठलेली असतात.

अडचण सोमवारची. गिरणी बंद, शटर खाली, काका घरी. त्या दिवशी हमखास कुणीतरी पुढच्या गल्लीत जातं. सोमवारसाठी वेगळं रेकॉर्डिंग करायला हवं, असं बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "या बारीला तुम्ही बोला." दोनदा बोलून बघितलं. दोन्ही वेळा सुरुवात "कृपया"नंच झाली.