तुम्ही विचारलंत म्हणून: तो पास मला अजूनही पटतो

मी सीहॉक्सची, म्हणजे आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमची, एकही मॅच चुकवत नाही हे कळलं की इथे सिअ‍ॅटलमध्ये, मंडळाच्या गणपतीत असो की कुणाच्या घरच्या डोहाळजेवणात, प्रश्न येतोच: "एक यार्ड उरला होता, लिंच समोर उभा होता, मग पास कशाला? आणि तुम्ही अजून त्या पासची बाजू घेता?" हो, घेते. (लिंच म्हणजे बॉल घेऊन पळणारा आपला गडी, आणि तो एक यार्ड गोल-लाइनपर्यंतचा; ती ओलांडली की टचडाऊन.) दरवेळी दोन वाक्यांत सांगायला जाते आणि तिसऱ्या वाक्याआधी कुणीतरी "अहो, पण लिंच!" म्हणतं. म्हणून एकदाचं लिहून काढते.

1 फेब्रुवारी 2015, ग्लेनडेल, सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल. पेट्रियट्स 28, आपण 24. आपली दहा गुणांची आघाडी त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास टाकणाऱ्या ब्रेडीने, चौथ्या क्वार्टरमध्ये पुसून टाकली होती. मग आपल्या कर्सने (हा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा) जमिनीवर पडल्यापडल्या, अंगावरून उडणारा बॉल धरला. 33 यार्ड. बॉल पाच यार्डांवर आला. पुढच्या प्लेला लिंच चार यार्ड पळाला. उरला एक. दुसरा डाउन, म्हणजे चार प्रयत्नांतला दुसरा, हाताशी घड्याळ थांबवणारा एकच टाइमआउट, आणि घड्याळ चालू. स्नॅप झाला, म्हणजे प्ले सुरू झाला, तेव्हा 26 सेकंद बाकी होते.

क्रिकेटवाले म्हणतात, शेवटच्या ओव्हरमध्ये धोनीला स्ट्राइक न देण्यासारखंच झालं हे. नाही हो. क्रिकेटमध्ये सहा बॉल उरले असतील तर सहाच्या सहा मिळतात. इथे घड्याळ तुमचे बॉल खातं. तीन डाउन बाकी होते, पण ते तिन्ही खेळायला मिळतील याची खात्री नव्हती. रन अडला की घड्याळ चालूच राहतं, पास खाली पडला की थांबतं. दुसऱ्या डाउनला लिंच अडला असता तर टाइमआउट तिथेच संपला असता. मग तिसऱ्या डाउनला पास टाकणं भागच होतं, आणि ते समोरच्यालाही ठाऊक असतं. उलट आधी पास टाकला आणि तो पडला, तर टाइमआउट शाबूत राहतो आणि पुढच्या प्लेला रन की पास हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे या तिघांत एक पास कुठेतरी येणारच होता. मग सगळं स्टेडियम रनची वाट बघतंय तेव्हाच तो का टाकू नये?

समोर कोण उभं होतं हेही बघा. आपण तीन रिसीव्हर घेऊन उतरलो होतो. त्यांच्या कोच बेलिचिकने टाइमआउट न घेता गोल-लाइनची धिप्पाड फळी आणि सोबत रिसीव्हरना रोखणारे तीन कॉर्नरबॅक उतरवले. मधली गर्दी अंगावर घेऊन लिंचला घुसवायचं होतं का? त्या सीझनला लिंच एक यार्डावरून पाच वेळा पळाला होता आणि टचडाऊन एकच झाला होता. हा आकडा सांगितला की लोक माझ्यावर चिडतात. लिंच मलाही प्रिय आहे. 2011 च्या जानेवारीत सेंट्सविरुद्ध 67 यार्ड पळून त्याने या शहराची जमीन अक्षरशः हलवली, भूकंपमापकावर त्याची नोंद आहे. पण त्या 67 यार्डांनी हा एक यार्ड मिळत नाही.

आता तो प्ले. उजवीकडे कर्स पुढे, त्याच्या मागे लॉकेट. कर्सने समोरच्याला अडवायचं, लॉकेटने त्याच्या आडून आत घुसायचं. कर्ससमोर होता ब्राउनर, जो आधी आपल्याच टीममध्ये खेळलेला. त्याने कर्सला जागचं हलू दिलं नाही, आणि मागच्या बटलरला वाट मोकळी मिळाली. बटलर म्हणजे ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणीही न घेतलेला, पहिल्याच वर्षाचा पोरगा. मघाशी कर्सने तो अचाट कॅच घेतला, तोही याच्याच डोक्यावरून. हाच प्ले त्या आठवड्याच्या सरावात त्याच्यावर यशस्वी झाला होता, आणि मॅचमध्ये तो दिसताच बटलर रिसीव्हरच्याही आधी निघाला. आपल्या क्वार्टरबॅक विल्सनच्या हातून बॉल सुटला तेव्हा लॉकेट मोकळा दिसत होता. बॉल पोचेपर्यंत तिथे बटलर होता, आणि बॉल त्याने मधेच पकडला: इंटरसेप्शन. त्याने प्रोमध्ये तोवर एकही इंटरसेप्शन केलं नव्हतं, आणि त्या सीझनला लीगमध्ये एक यार्डावरून टाकलेला एकही पास तोवर इंटरसेप्ट झाला नव्हता.

त्या रात्री मीच किंचाळले होते, "लिंचला द्यायचा ना!" माझा मुलगा तेव्हा तिसरीत. 24 नंबरची जर्सी घालून सोफ्याच्या हातावर बसला होता. त्याने विचारलं, "आई, संपलं?" मी टीव्ही बंद केला, आपल्या कोच कॅरलला आणि प्ले ठरवणाऱ्या बेव्हेलला मनसोक्त शिव्या दिल्या. त्या रात्रीची ती बाई, म्हणजे मीच, अजून माझ्याशी भांडते. तिचं म्हणणं, हिशेब चोख आहे, पण सगळ्या वर्षाची ताकद ज्याच्या खांद्यावर उभी केली त्याला शेवटच्या क्षणी बाजूला ठेवायचं नसतं. याला माझ्याकडे आकडा नाही. आणि पास टाकायचाच तर तो गर्दीतून, मधोमध का? कोपऱ्यात उंच टाकला असता, तर एक तर आपल्याला, नाही तर कुणालाच नाही. इथे मी तिच्याशी फार वेळ वाद घालू शकत नाही.

पण मी पासवेडी आहे असं म्हणू नका. दोनच वर्षांनी सुपर बोलमध्ये फाल्कन्स पेट्रियट्सविरुद्ध 28-20 ने पुढे होते, बॉल पेट्रियट्सच्या 23 यार्डांवर, चार मिनिटंही उरली नव्हती. दोनदा पळायचं, फील्ड गोल मारायचा, घरी जायचं. ते पास टाकायला गेले, त्यांचा क्वार्टरबॅक रायन बारा यार्ड मागे सॅक झाला, म्हणजे बॉल हातात असतानाच पाडला गेला, पाठोपाठ होल्डिंगची पेनल्टी, आणि शेवटी पंट, म्हणजे लाथ मारून बॉल समोरच्यांना देऊन टाकणं. ओव्हरटाइममध्ये 34-28 ने हरले. तो पास मला तेव्हाही पटला नाही, आजही नाही. तिथे घड्याळ पळायला सांगत होतं. आपल्याला ते तसं सांगत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला डाचते आणि ती कुणी विचारत नाही. लिंच एक यार्डावर पडल्यापासून स्नॅपपर्यंत अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ आपण जाऊ दिला. ब्रेडीला उत्तर द्यायला वेळ उरू नये म्हणून. ठीक आहे. पण मग 26 सेकंदांची जी अडचण मी तुम्हाला इतका वेळ समजावतेय, त्यातली अर्धी आपणच ओढवून घेतलेली.

मुलगा आता कॉलेजात आहे. त्याच्या मते आम्ही सगळेच चुकीचं भांडतोय. विल्सनने लिंचला बॉल देण्याची हूल द्यायची आणि स्वतः बाहेरून पळायचं, तोच तर वर्षभर आपला हुकमी प्ले होता. मी म्हणते, विल्सन अडला असता तर घड्याळ चालू राहिलं असतं. तो म्हणतो, टाइमआउट होता की. मी म्हणते, मग तिसऱ्या डाउनला काय केलं असतंस? तो म्हणतो, पास.