लांबचा ड्राइव्ह, डॉग पार्क आणि आमचा बंड्या

पहाटेच निघालो होतो, अडीच-तीन तास झाले आणि आमच्या कुत्र्याची, बंड्याची, मागच्या सीटवर चुळबुळ सुरू झाली, उगाच धापा टाकतोय, म्हणजे आता थांबायलाच हवं. हायवेपासून जरा आत एक पार्क आधीच हेरून ठेवलं होतं आणि लोकांनी टाकलेले ताजे फोटोही बघितले होते, कारण डॉग फ्रेंडली म्हणजे कधी कुंपणातलं मोकळं मैदान असतं तर कधी नुसती लीशवर, म्हणजे दोरीला बांधून, फिरवायची परवानगी, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक.

पोचल्यावर लगेच आत घुसू नका. गाडीतून उतरलेलं कुत्रं चेकाळलेलंच असतं, तसंच सोडलं की समोरच्याच्या अंगावर जातं. आम्ही आधी बाहेर लीशवर निवांत फिरवलं, शी-शू उरकली, पाणी पाजलं, मग आत. गेट दुहेरी होतं, पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही आणि लीश मधल्या जागेतच काढायची. आत बाकीचे मोकळे आणि आपलाच बांधलेला असला की त्याला पळायला वाव नसतो, तो घाबरून गुरगुरतो, भांडणं तिथंच लागतात.

आत एक धिप्पाड लॅब्रेडॉर थेट बंड्यासमोर आला. दोघं क्षणभर थबकले, एकमेकांचा मागून वास घेतला, मग लॅबनं पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली, ढुंगण वर, म्हणजे चल खेळूया! पण अंग ताठ, तोंड मिटलेलं आणि नजर एकटक दिसली तर वाट बघू नका, लगेच हाक मारून बाजूला घ्या. फोनमध्ये डोकं घालून बाकावर बसणाऱ्यांना तर माझा कोपरापासून नमस्कार. बॉल आणि खाऊ आत काढू नका, त्यावरूनही जुंपते.

पाणी आणि वाडगा आपला आपला, डबक्यातलं पाणी अजिबात नको, लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची, भीती असते. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू तर आत नेऊच नका, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो.

उन्हाचं म्हणाल तर पार्किंगच्या डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघा, सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्यालाही चालवू नका. आणि बाहेर 21 अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत 31च्या वर जातं, काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडत नाही, त्यामुळे टॉयलेटला आळीपाळीनंच जा.

निघायच्या आधी त्याला मधूनमधून बोलवायचं, लीश लावायची, शाबासकी द्यायची, परत सोडायचं, नाहीतर हाक म्हणजे खेळ संपला हे त्याला बरोब्बर कळतं आणि मग तुम्ही मैदानभर मागे धावत बसता. गाडीत चढवताना कानामागे, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघून घ्या. जेवण मात्र लगेच नाही, पोटभर खाऊन वळणावळणाचा रस्ता म्हणजे सीटवर उलटी ठरलेली.